बारा टनांचा बँड

आमच्या घरी मोठा खर्च रुपयांत मोजत नाहीत, टनांत मोजतात. टन अर्थातच उसाचे. माझ्या इंजिनिअरिंगची पहिल्या वर्षाची फी चाळीस टन होती, घरातला पहिला फ्रीज सात टन, आणि मला पुण्यात घेऊन दिलेली सेकंडहँड बाईक बरोब्बर अकरा टन. आप्पा हे आकडे विसरत नाहीत. त्यामुळे धाकट्या बहिणीचं लग्न २०२५ च्या मे महिन्यात ठरलं आणि खर्चाची एक्सेल शीट करायचं काम माझ्याकडे आलं ("तू कंप्युटरवाला ना, मग कर की!"), तेव्हा मी मुकाट्याने रुपयांच्या शेजारी 'टन' असा एक कॉलम टाकला. त्या हंगामाची एफआरपी सव्वादहा टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३४० रुपये, म्हणजे टनाला ३४०० होती. त्यातून तोडणी-वाहतूक वजा होऊन आमच्या हातात साधारण २७०० पडले. म्हणून फॉर्म्युला सोपा: भागिले २७००.

आमचं गाव तीर्थपुरी. जालना जिल्हा, घनसावंगी तालुका. पुण्यात गाव सांगितलं की लोक 'हो का' म्हणतात आणि विषय बदलतात, म्हणून थोडक्यात सांगतो. दक्षिणेला गोदावरी, जायकवाडीच्या डाव्या कालव्याचा आधार, ऊस, कापूस आणि २०१२-१३ च्या दुष्काळात जिल्ह्यात वाळून गेलेल्या आणि पुन्हा लावलेल्या मोसंबीच्या बागा. तालुक्यातच जांब समर्थ, म्हणजे समर्थ रामदासांचं जन्मगाव. बोहल्यावर 'सावधान' ऐकलं आणि ते पळाले ही गोष्ट महाराष्ट्राला माहीत आहे, पण आमच्या तालुक्यात ती शेजारच्या घरात घडल्यासारखी सांगतात. भटजींनी 'सावधान' म्हटलं की कुणीतरी नवरदेवाकडे बघून डोळा मारतोच. मला मात्र लहानपणापासून एकच शंका. त्या लग्नाला वाजंत्री सांगितले असतील तर त्यांच्या पैशांचं काय झालं? नवरदेव पळाला, पण सनईवाला तर सकाळपासून फुंकत होता ना! हे कुणी विचारत नाही.

असो. तर बँड.

आमच्याकडे लग्न जुळलं की 'यादी' होते. दोन्हीकडची जाणती माणसं सतरंजीवर बसतात, एकजण वहीत लिहितो: मांडव कुणाचा, जेवण कुणाचं, कपडे किती, घोडा कुणाचा, वाजंत्री कुणाचे. खाली दोन्हीकडच्या सह्या. सहा वर्षांच्या नोकरीत इतकं स्वच्छ रिक्वायरमेंट डॉक्युमेंट मी पाहिलेलं नाही. आमच्या क्लायंटना एकदा यादीला बसवायला हवं. आमच्या भागात वाजंत्री बहुतेक वेळा मुलीकडच्या माथी येतात, पण नवरदेवाचे वडील (परतूरची मंडळी, सरळ माणसं) स्वतःहून म्हणाले, "बँड निम्मा-निम्मा." तसं लिहिलं.

धाकटीची अट वेगळीच होती आणि ती यादीत नव्हती. ती आप्पांना एवढंच म्हणाली, "माझ्या लग्नासाठी व्याजानं एक रुपया काढायचा नाही. काढला तर मी कोर्टात जाऊन लग्न करीन." आमच्या एका चुलतबहिणीचं लग्न थाटात झालं आणि पुढची सहा वर्षं तिच्या वडिलांनी ते फेडलं. सातव्या वर्षी एक एकर गेलं. ते सगळं धाकटीने शेजारच्या अंगणातून बघितलेलं. मराठवाड्यात लग्नाचं कर्ज ही चेष्टेची गोष्ट नाही. तेव्हा एकूण साडेचार लाख ठरले, त्याच्या वर पैसा नाही, आणि त्यातले वाजंत्र्याला आमच्या बाजूने सोळा हजार. सहा टनांच्या आसपास.

खरा गोंधळ इथून सुरू झाला, कारण नवरदेवाच्या मित्रांना डीजे हवा होता आणि आमच्या चुलतभावांनाही. एका डीजेवाल्याने पंचेचाळीस हजार सांगितले: गाडी, जनरेटर, लाईट, धूर. साडेसोळा टनांच्या वर. शिवाय 'गाण्यांच्या लायसनचे' तीन हजार वेगळे! यावर मी जरा गुगल केलं (हीच आपली खरी डिग्री). कॉपीराईट कायद्याच्या कलम ५२ मध्ये धार्मिक समारंभाला सूट आहे आणि लग्नाची मिरवणूक त्यात येते. केंद्राच्या उद्योग संवर्धन विभागाने जुलै २०२३ मध्ये तशी जाहीर सूचनाही काढली होती. हे डीजेवाल्याला ऐकवलं तर तो शांतपणे म्हणाला, "बरं, मंग ते डिझेलमधी धरा." माणूस वाया चाललाय, सेल्समध्ये हवा होता.

पण डीजे पैशांमुळे नाही गेला. तो आजीमुळे गेला. आमची गल्ली सात-आठ फुटांची, दोन्ही बाजूंना पत्रे. गेल्या एका वरातीत आमच्या कपाटाची काच तडकली होती आणि आजी देवघरात कान दाबून बसली होती. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे आहेत, राहत्या वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा, रात्री दहानंतर बंद. पण नियम दाखवून वरात थांबवलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही. धाकटीने नवरदेवाला फोन केला, दहा मिनिटं बोलली, आणि मित्रांचा विरोध मावळला. काय बोलली ते तिने सांगितलं नाही. बँडही काही कुजबुजत नाही म्हणा, पण ट्रम्पेट वाजवणाऱ्याला मध्येच श्वास घ्यावा लागतो. डीजेला लागत नाही.

आता बँडच्या दराकडे. पुण्यात आपण बँड म्हटलं की गणपतीच्या मिरवणुकीत कसब्याच्या गणपतीपुढे चालणारा प्रभात बँड डोळ्यासमोर आणतो: कडक इस्त्री, ओळीत पावलं. आमच्याकडच्या बँडला ताफा म्हणतात. त्याला विचारायचा पहिला प्रश्न 'किती घेणार' हा नसून 'कोणती तिथ' हा असतो. मुहूर्त मोजके. चातुर्मासात जवळपास नाहीत, पौषात लोक टाळतात, गुरु-शुक्राचा अस्त आला की बंद. उरलेल्या दिवसांत सगळी लग्नं कोंबायची. अक्षय्य तृतीयेसारख्या दाट तिथीला एकेका ताफ्याला पाच-पाच ठिकाणांहून बोलावणं, भाव दीडपट. आणि २०२४ च्या मे-जूनमध्ये याच्या उलट झालं. गुरु आणि शुक्र दोघेही अस्ताला गेले, मुहूर्त जवळपास नव्हतेच, काढीव मुहूर्तावर जी झाली तेवढीच लग्नं. आपल्यासाठी ती पेपरातली बातमी. ताफ्यासाठी भर उन्हाळ्याचे दोन महिने कोरडे.

आम्ही तीन ठिकाणी चौकशी केली. जालन्याचा एक बँड: पंचवीस माणसं, झुल्या लावलेले कोट, फिरत्या लाईटच्या छत्र्या, पंचावन्न हजार. फोनवरच नमस्कार केला. दुसरा अंबडकडचा, त्याची ती तारीख गेलेली. तिसरा आमच्या शेजारच्या गावचा. मास्तर आप्पांच्या वयाचे, क्लॅरनेट वाजवतात. त्यांनी वीस माणसांचे, आदल्या दिवशीच्या हळदीसकट, अडतीस हजार सांगितले. चौदा टन.

सुपारी द्यायला मी आणि तात्या (आमचे चुलते, घासाघीस विभागाचे प्रमुख) मास्तरांच्या घरी गेलो. पत्र्याची खोली, भिंतीला खिळ्यांवर टांगलेली वाद्यं. एका युफोनियमला एम-सीलचं ठिगळ. बहुतेक पितळी वाद्यं मेरठची. तिथल्या जली कोठी भागात एकोणिसाव्या शतकापासून ही वाद्यं घडवतात आणि अर्ध्या देशाच्या वराती त्यांच्यावर चालतात. मुळात हा सगळा प्रकार इंग्रज पलटणींचा. पलटणींतून संस्थानिकांच्या दरबारात आला, दरबारातून रस्त्यावर, रस्त्यावरून आमच्या मारुतीच्या पारापर्यंत. ऑकलंडच्या विद्यापीठातले ग्रेगरी बूथ नावाचे एक प्राध्यापक भारतभर या बँडवाल्यांबरोबर हिंडले आणि २००५ मध्ये त्यांनी 'ब्रास बाजा' नावाचं अख्खं पुस्तक लिहिलं. मास्तरांना हे सांगितलं तर त्यांनी विचारलं, "मंग त्यांनी आमचा रेट लिवला का?"

चहा झाला. मी सवयीने विचारलं, "मास्तर, अडतीस हजारांत काय काय येतं?" मला वाटलं, टाळतील. त्यांनी उलट वही काढली.

त्या वहीने मला बसल्या जागी एक वेगळा धंदा दाखवला. दिवाळीनंतर अर्धा ताफा कोयता घेतो, म्हणजे ऊसतोडीला जातो. त्यामुळे तुळशीच्या लग्नानंतरच्या तिथींना जमेल तसं भागवायचं, आणि कारखान्याचा पट्टा पडला की मगच पूर्ण संच जमतो. सीझनआधी प्रत्येकाला उचल द्यावी लागते: ट्रम्पेटवाल्याला जास्त, झांजवाल्याला कमी. नाही दिली तर तो दुसऱ्या ताफ्यात जातो. उचलीसाठी मास्तर स्वतः व्याजाने पैसे आणतात. आयटीतल्या लोकांना समजेल अशा भाषेत सांगायचं तर हे सगळे वर्षातले आठ महिने बेंचवर असतात, फक्त बेंचचा पगार नसतो. आणि उरलेल्या चार महिन्यांत पंचांग म्हणेल तितकेच दिवस बिलेबल.

कोविडची दोन पानं वहीत वेगळीच होती. २०२० चा उन्हाळा पूर्ण लॉकडाऊनमध्ये गेला. २०२१ च्या एप्रिलमध्ये राज्य सरकारने लग्नाला पंचवीस माणसं आणि दोन तासांची मर्यादा घातली. पंचवीस माणसांत वीस वाजवणारे असतील तर ऐकणार कोण! मास्तरांचे सलग दोन उन्हाळे गेले. त्या पानांवर जमेच्या बाजूला फक्त दोन नोंदी होत्या, दोन ट्रम्पेट विकल्याच्या. "वाद्याच्या भावानं नाही गेले साहेब," मास्तर म्हणाले, "पितळाच्या भावानं गेले. वजनावर."

तात्यांना या वहीत रस नव्हता. ते म्हणाले, "मास्तर, अडतीस नको, अठ्ठावीस करा. तेवढीच माणसं, तेवढाच टाईम. वाजवता तर पाच तास, बाकी सावलीत बसता." या युक्तिवादावर मला हसू आलं. आम्ही ऑफिसात नऊ तास बसतो, त्यात प्रत्यक्ष 'वाजवतो' किती ते आपापसात माहीत आहेच.

मी वहीतला दर बघत होतो. ट्रम्पेटला २२००, सॅक्सोफोनला २२००, कॅसिओवाल्याला २०००, युफोनियमला १६००, साईड ड्रमला १५००, ढोल, ताशा आणि बासला प्रत्येकी १३००, झांजेला ९००, खुळखुळ्याला ७००. गाडी आणि डिझेल साडेतीन हजार. समजा तात्यांच्या म्हणण्याप्रमाणे दहा हजार कापले. गाडीवाला कमी घेणार नाही. ट्रम्पेटवाला त्याच दिवशी दुसरीकडे तेवढेच घेऊन उभा राहील. कॅसिओवाल्याचंही तेच. मग कात्री लागते कुठे? ज्याला दुसरं कुणी बोलावत नाही त्याला. सातशेच्या खुळखुळ्याचे चारशे होतात, नऊशेच्या झांजेचे पाचशे. वरचे आकडे जागचे हलत नाहीत. फिक्स्ड बिडमध्ये शेवटी शनिवारी कुणाला बसावं लागतं हे मला अनुभवाने माहीत आहे, आणि तो प्रोजेक्ट मॅनेजर कधीच नसतो.

म्हणून मी तात्यांना बाजूला घेतलं आणि म्हणालो, माणशी भाव कमी करायचा नाही. काम कमी करू. हळदीला बँड कशाला? बायका तशाही स्वतःच गातात, आणि चांगलं गातात. आणि गल्ली सात फुटांची, तिथे वीस माणसं मावणार कशी? सोळा पुरे. तात्या म्हणाले, "म्हणजे तेच की! पैसे कमी झाले ना, बास!" तेच नव्हतं, पण तात्यांचं समाधान झालं.

बत्तीस हजार ठरले. जवळजवळ बारा टन, आमच्या वाट्याला सहा. मला एकच खटकत होतं: कमी केलेल्या चौघांचा त्या दिवसाचा रोज बुडणार. मास्तर म्हणाले, "ती तिथ दाट हाय, दुसरीकडं लावून देतो." विरळ तिथ असती तर त्यांनी काय सांगितलं असतं, हा प्रश्न मी विचारला नाही.

पाच हजार इसार दिला आणि मी एका कागदावर सगळं लिहून काढलं. सकाळी आठला हजर. नवरदेवाचा परण्या, म्हणजे जानवशापासून मारुतीच्या दर्शनाची मिरवणूक. लग्न लागताना आणि पंगतीच्या सुरुवातीला थोडं. संध्याकाळी वरात, रात्री पावणेदहाला शेवटचं गाणं. पाऊस आला तर थांबायचं, त्याचे ना जास्त पैसे ना कापाकापी. लग्न मोडलं तर इसार मास्तरांचा (रामदासस्वामींचा प्रसंग डोक्यात होताच). बाकी रक्कम त्याच रात्री, तिथेच. मास्तरांनी कागद दोनदा वाचला आणि म्हणाले, "आजवर कुणी लिहून दिलं नव्हतं. पण एक राहिलं." मी म्हटलं, काय? ते काही बोलेनात. मग त्यांचा मुलगा दारातून म्हणाला, "जेवण."

इथे जरा थांबतो, कारण हे पुण्यात वाढलेल्या मित्रांना नीट कळत नाही. आमच्याकडे हलगी-सनई वाजवणं हे बलुत्यातलं काम होतं, मातंग समाजाकडे. मोबदला धान्यात मिळायचा आणि मान मिळायचा नाही. पुढे बँड आले, रोख पैसे आले, ताफ्यात इतर समाजाची आणि मुसलमान पोरंही आली, पण पंगतीची सवय मात्र तीच राहिली: आधी पाहुणे, मग भावकी, मग गाव, आणि चार वाजता उरलंसुरलं वाजंत्र्याला. कुणी मुद्दाम करतं असंही नाही. 'राहून जातं.' सकाळी आठपासून फुंकणारा माणूस चार वाजेपर्यंत उपाशी, आणि सहाला पुन्हा त्याच्याकडून वरातीचा जोर हवा! मी कागदावर लिहिलं: सोळा माणसांचं जेवण, लग्न लागल्यावर पहिल्या पंगतीला. तात्यांनी वाचलं. काही म्हणाले नाहीत. घरी येताना गाडीवर मागे बसून मात्र म्हणाले, "लोक बोलतील."

"बोलू द्या," हे मी नाही म्हणालो. ते रात्री आप्पा म्हणाले, शीट बघताना. आणि वर विचारलं, "ह्या सोळा ताटांचे टन धरलेस का?" धरले होते. पाव टनाच्या जरा वर.

लग्नाचा दिवस. सगळं सांगत बसत नाही, लग्नं सगळ्यांनीच पाहिलेली आहेत. ताफा आठ वाजून पाच मिनिटांनी आला. परण्या निघाला तेव्हा मास्तरांनी आधी सनईच्या वळणाचं काहीतरी क्लॅरनेटवर धरलं आणि आजी ओट्यावर येऊन बसली, कान न दाबता. मग अर्थातच रुमाल दातात धरून नागीण झाली. (या बीनेची एक गंमत: १९५४ च्या 'नागिन' मध्ये खरी बीन नव्हतीच, कल्याणजींनी ती क्लेव्हिओलिन नावाच्या कीबोर्डवर वाजवली होती. म्हणजे गारुड्याची नक्कल कीबोर्डने केली, कीबोर्डची नक्कल क्लॅरनेटने, आणि नागाची नक्कल आमच्या चुलतभावाने. शेवटची जरा कमी पडली.) डीजे हवा असलेली नवरदेवाची मित्रमंडळी सगळ्यांत पुढे होती. त्यांनी हातात मोबाईल धरून मास्तरांना गाणी ऐकवली, आणि दोनदा ऐकून मास्तरांनी ती वाजवली. ही सोय डीजेकडेही असते म्हणा, पण तिथे गाणं ऐकून मान डोलावणारं कुणी नसतं.

पावणेएकला लग्न लागलं. पहिली पंगत बसली आणि मी ताफ्याला बोलवायला गेलो, तर मास्तर म्हणाले, "होऊ द्या पाहुण्यांचं आधी." मी कागदाची आठवण केली. ते हसले, पण उठले नाहीत. माझ्याकडे कागद होता, त्यांच्याकडे पन्नास वर्षांची सवय. शेवटी आई आली. तिने कुणाला काही विचारलं नाही, वाढप्याला हाक मारून मांडवाच्या कडेची ओळ मोकळी करून घेतली आणि म्हणाली, "मास्तर, बुंदी संपायलीय, मग म्हणू नका." बाराजण बसले. चौघांनी वाद्यांजवळ कुणीतरी हवं म्हणून सांगितलं आणि ते मागून जेवले, दुसऱ्या पंगतीला. समोरच्या ओळीतले दोन पाहुणे उठून दुसरीकडे बसले. उन्हामुळे असेल. मी तसं समजून घ्यायचा प्रयत्न केला, पण त्या ओळीवर ऊन नव्हतं.

पाचला पाऊस आला. त्या मे महिन्यात महाराष्ट्रभर अवकाळी धिंगाणा घालत होता, तो आमच्याकडेही येऊन गेला. अर्धा तास ताफा आणि वऱ्हाड एकाच ताडपत्रीखाली उभे. ताशाचं कातडं सैल पडलं, ते कागद पेटवून शेकलं. वरात सव्वासातला निघाली आणि नऊ चाळीसला दारात आली. पावणेदहाला मास्तरांनी हात वर केला. पोरं 'अजून एक, अजून एक' करत होती, नोटा नाचवत होती. मास्तरांनी आप्पांकडे बघितलं. आप्पांनी घड्याळाकडे. संपलं.

पैसे मी तिथेच दिले. सत्तावीस हजार, अर्धे यूपीआयने आणि अर्धे रोख, कारण ताफ्यातल्या काहींना हातात रोकड लागते. शेजारच्या लिंबाखाली मास्तर टेम्पोच्या फाळक्यावर वही ठेवून बसले, आणि चष्मा ओला झाला म्हणून मला म्हणाले, "तुम्हीच वाचा नावं." मी वाचत गेलो. ट्रम्पेट दोन, चव्वेचाळीसशे. सॅक्सोफोन, बावीसशे. कॅसिओ, दोन हजार. युफोनियम दोन, बत्तीसशे. साईड ड्रम दोन, तीन हजार. ढोल दोन, सव्वीसशे. बास आणि ताशा, तेराशे-तेराशे. झांज, नऊशे. खुळखुळे दोन, चौदाशे. गाडी साडेतीन हजार. बेरीज पंचवीस हजार आठशे. मास्तरांना उरले सहा हजार दोनशे. त्यातून त्यांचा स्वतःचा रोज, कोटांची धुलाई, वाद्यांची दुरुस्ती आणि उचलीचं व्याज. खुळखुळेवाल्यांपैकी एकजण वीस-एकवीस वर्षांचा पोरगा, हिवाळ्यात आईबापाबरोबर तोडीला जाणारा. सातशे भागिले चौदा तास. हा भागाकार मी शीटमध्ये घातला नाही, डोक्यात आपोआप झाला.

मग ओवाळणीचं गाठोडं उघडलं. नाचणाऱ्यांवरून ओवाळून दिवसभर दिलेल्या दहा-वीसच्या चुरगळलेल्या नोटा, एका जुन्या कोटाच्या बाहीत बांधलेल्या. दोन हजार तीनशे चाळीस. मी विचारलं, हे कसं वाटता, दरानुसार? मास्तर म्हणाले, "नाही नाही. हे सारखं. ह्याच्यात क्लॅरनेट पण तेवढंच आन् खुळखुळा पण तेवढाच." सोळाजणांना एकशे चाळीस-एकशे चाळीस वाटून झाले. शंभर रुपये उरले. ते रस्त्यातल्या चहाला ठेवले, कारण ताफ्याला रात्रीच निघायचं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला सेलूकडे कुणाचा तरी परण्या होता.